उभ्या वर्षांची वलयं

रत्नप्रभा मगदूम दवाखान्याच्या दारातून आत आली आणि कुणीतरी लोखंडी बाकाच्या दांडीवर किल्ली वाजवली. टक टक, टक.

बाकांवर बसलेल्या चौदा बायकांपैकी तिघी ताडकन उठून उभ्या राहिल्या. मग आपण का उठलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्या खोलीभर हसू फुटलं.

"बघा गं! आक्का रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पाय अजून आपसूक उठत्यात!" छबू म्हणाली. किल्ली तिच्याच हातात होती.

"काय चाललंय?" रत्नप्रभाने हसत विचारलं. तिला काही कळलं नव्हतं.

वैजंताने सरकून तिला शेजारी जागा करून दिली. "आता सांगायला हरकत न्हाई आक्का. चेकिंगच्या टेबलाखाली आम्ही चिंध्यांची गाठोडी ठेवायचो. पाळीपाळीनं दोघी दोघी त्यावर टेकायच्या. तुमच्या केबिनचं दार उघडलं, की ही छबू टेबलावर कात्री वाजवायची. की झालं, सगळ्या उभ्या."

"मला वाटायचं, धागे काढून काढून हात अवघडतो, म्हणून कात्री आपटतेय."

"तुमची भीती न्हवती हो! अण्णासाहेब मागनं यायचे न्हवं, त्यांची भीती. तुम्ही तर आमच्याच."

रत्नप्रभा हसली. हसताना तिने पदर विनाकारण सारखा केला. बारा वर्षं तो आवाज तिने ऐकला होता. त्याचा अर्थ तिला आज कळत होता.

हे २०३८ साल. इचलकरंजीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या या दवाखान्यात त्या आठवड्यात फक्त पायांच्या शिरांवर उपचार चालले होते, आणि आजचा दिवस शर्टाच्या एका जुन्या कारखान्यातल्या बायकांसाठी राखून ठेवला होता. कारखाना आता बंद पडला होता. मालक, ज्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, चार वर्षांपूर्वी वारले होते. राहिले होते ते हे पाय. कुणाच्या पोटरीवर निळ्या-हिरव्या दोऱ्यांचे पीळ, कुणाच्या मांडीवर जांभळ्या केसांसारख्या बारीक रेषांचं जाळं. वैजंताच्या डाव्या घोट्यावर तर दोन वर्षं न भरणारी जखम होती. रत्नप्रभाच्याही पोटऱ्यांवर शिरा होत्या. कारखान्याची जुनी सुपरवायझर म्हणून तिचंही नाव यादीत घातलेलं होतं. वैजंतानेच घातलं होतं ते.

पाय फुगतात, शिरा वेड्यावाकड्या होतात, त्याचं कारण साधं आहे. रक्ताला पायांतून हृदयाकडे वर चढावं लागतं. शिरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात. त्या वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि घोट्यापाशी दाब कमी होतो. तोच माणूस एका जागी नुसता उभा राहिला, तर रक्ताच्या सबंध स्तंभाचं वजन घोट्यावर येतं. चालताना असतो त्याच्या तिप्पट दाब. काही झडपा जन्मतःच कमकुवत असतात. काही मात्र चांगल्या असूनही वर्षानुवर्षांच्या ओझ्याने निकामी होतात. मग रक्त खाली साचतं आणि शीर फुगत जाते.

उपचारही आता नवा राहिलेला नव्हता. दोन सिरिंजमधून औषध आणि हवा इकडून तिकडे ढकलून त्यांचा साबणासारखा फेस करायचा आणि तो सुईने बिघडलेल्या शिरेत सोडायचा. फेस रक्ताला बाजूला सारतो, शिरेच्या आतल्या अस्तराला चटका देतो आणि तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. शीर बंद होते. रक्त दुसऱ्या धडक्या शिरांमधून वाट काढतं आणि बंद पडलेली शीर काही महिन्यांत शरीर जिरवून टाकतं. बारीक जाळ्यांसाठी फेस लागत नाही. पातळ औषध आणि केसासारखी सुई पुरते.

नवीन होतं ते वाचन. तीनच वर्षांपूर्वी असं लक्षात आलं होतं, की या फेसाचे बुडबुडे एकाच मापाचे केले तर शीर मिटण्याआधी सुमारे चाळीस सेकंद ते भिंतीच्या थरांत शिरतात, आणि सोनोग्राफीत ते थर वेगवेगळे दिसतात. दाब सोसणारी शीर भिंतीत तंतूंचा थर चढवत जाते. दर उन्हाळ्यात शिरा सैलावतात, म्हणून दर वर्षाचा थर पुढच्या वर्षाच्या थरापासून वेगळा राहतो. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं. ज्या वर्षी बाई चालती-बसती होती, त्या वर्षाचं वलय पातळ. ज्या वर्षी ती नुसती उभी होती, त्या वर्षाचं जाड. हे वाचन एकदाच करता येतं, कारण त्यानंतर शीर उरत नाही.

सकाळच्या नऊ जणींनंतर वैजंताचा नंबर लागला. तिने रत्नप्रभाला आत ओढत नेलं. "तुम्ही हात धरा आक्का. सुईचं मला भ्या वाटतं."

डॉक्टर ऋजुता बिरनाळे पस्तिशीच्या आतबाहेरच्या होत्या आणि फार कमी बोलत. त्यांनी फेस केला, सुई टोचली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांचं एक वर्तुळ उमटलं, हळूहळू आकसत गेलं आणि मिटलं. यंत्राने ते चित्र धरून ठेवलं होतं.

"झालं?" वैजंताने एक डोळा उघडून विचारलं.

"झालं. आता हे बघा मावशी. तुम्ही कारखान्यात कधी लागलात?"

"चौदा साली."

"ही सहा वलयं त्या वेळची. पातळ आहेत, छान आहेत. आणि इथून पुढे..." डॉक्टरांनी पेनाचं टोक सरकवलं. सातव्यापासूनची वलयं बांगड्यांच्या चळतीसारखी जाड होती, एकापुढे एक. "दोन हजार वीस. आतापर्यंत तुमच्या कारखान्यातल्या नऊ जणींचं वाचन झालं आहे. नऊही जणींत हे याच वर्षापासून सुरू होतं. त्या वर्षी काय झालं?"

"स्टुलं गेली," वैजंता म्हणाली. "लॉकडाऊन उठल्यावर अंतर ठेवायचं म्हणून उचलली. ती परत आलीच न्हाईत. सांगा की आक्का! आक्का लई भांडल्या बाई सरांशी. दर महिन्याला जायच्या त्यांच्या केबिनमधी."

डॉक्टरांनी रत्नप्रभाकडे बघितलं.

"हो," रत्नप्रभा म्हणाली. "अण्णासाहेब ऐकायचे नाहीत."

मेलेला माणूस काय बोलणार? वाक्य किती सहज आलं तोंडात! कितीदा उच्चारलं होतं ते.

"अडचण अशी आहे," डॉक्टर म्हणाल्या, "की कारखान्याच्या कागदांत स्टुलं होती असं आहे. दर महिन्याचा तक्ता आहे, बसण्याच्या सोयीचा. बारा वर्षांचे मी मागवून घेतले. प्रत्येकावर लिहिलंय, सर्व कामगारांना स्टूल पुरवले आहे."

"खोटं हाय ते!" वैजंता कोपरांवर उठून बसली. "कुणी लिवलंय? सही कुणाची हाय?"

डॉक्टरांच्या हातात फाइल होती. त्यांनी ती उघडली, क्षणभर बघितली आणि मिटली. "सही नीट लागत नाही," त्या म्हणाल्या.

रत्नप्रभाची सही शाळकरी वळणाची होती. पाटीवर गिरवल्यासारखी. ती न लागणारा माणूस इचलकरंजीत सापडला नसता.

"म्हणजे माझं हे आईकडनं आलेलं न्हाई?" वैजंताने हळू आवाजात विचारलं. "तिचेबी पाय असेच होते."

"झडपा सुरुवातीला ठणठणीत दिसतायत. माझ्या मते हे कामामुळेच झालंय. पण यंत्र नवं आहे. भरपाई ठरवणाऱ्या समितीपुढे एका बाजूला यंत्र आणि तुमचं तोंडी सांगणं, दुसऱ्या बाजूला बारा वर्षांचे सह्या असलेले कागद. अशा वेळी ते सरळ आनुवंशिक लिहून मोकळे होतात."

डॉक्टर घट्ट मोजा वैजंताच्या पायावर चढवत असताना ती छताकडे बघत म्हणाली, "माझ्या पोरीला नर्स व्हायचं होतं, डॉक्टर. दिवसभर उभं राहायचं काम. म्या न्हाई जाऊ दिलं."

रत्नप्रभाला तो दिवस आठवत होता. चार वर्षांपूर्वी वैजंता स्वरांजलीला घेऊन तिच्या घरी आली होती. पोरीच्या हातात नर्सिंगचा फॉर्म होता, भरलेला. फक्त पालकांच्या सहीची जागा रिकामी. "तुम्ही सांगा आक्का, पाठवू का?" रत्नप्रभाने चहा ठेवला होता आणि आतूनच म्हटलं होतं, "तुझे पाय बघ. घराण्यात असलं म्हणजे पोरीलाही येणार. नको पाठवू." पोरगी फॉर्मची घडी करत बसली होती. आता ती कोल्हापुरात कानाला हेडफोन लावून दिवसभर खुर्चीत बसते आणि लोकांच्या तक्रारी ऐकते.

घराण्यात आहे, हे रत्नप्रभाने इतक्या जणींना सांगितलं होतं, की कधीकधी तिलाही ते खरं वाटायचं.

तिचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर आला. या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सुई टोचल्याचं तिला फारसं कळलंही नाही.

"तुमचं सगळ्यांच्या उलटं आहे," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "सुरुवातीची नऊ वर्षं फार जाड आहेत. एवढं जाड मी आज कुणाचंच बघितलं नाही."

"इस्त्रीवर होते मी. लग्नाआधीपासून. कोळशाची इस्त्री."

"मग पातळ होत गेलंय. सुपरवायझर झालात, फिरतं काम. आणि दोन हजार वीसनंतर..." त्या थांबल्या. "नंतर अगदी कागदासारखं."

रत्नप्रभाने मान वळवली. वीस सालच्या जुलैत तिला काचेची केबिन मिळाली होती. फिरती खुर्ची, पंखा. अण्णासाहेबांनी स्वतः नारळ फोडला होता.

त्याआधी आठवडाभर ती आकडे बघत होती. स्टुलं गोदामात गेल्यापासून रोजचे शर्ट वाढले होते. ऑर्डरी कमी झाल्या होत्या, कारखाना बंद पडेल अशी धास्ती सगळ्यांनाच होती, तिलाही होती. ती हे स्वतःला पुष्कळदा सांगत आली होती. पण त्या दिवशी ती अण्णासाहेबांकडे गेली, ती धास्तीने नव्हे. आपल्याला काहीतरी सापडलंय, ते आपणच आधी सांगावं, म्हणून गेली. "स्टुलं परत काढायची कशाला? उभ्यानं हात जास्त चालतोय." अण्णासाहेब चकित झाले होते. त्यांच्या मनातही नव्हतं. "बायका कुरकुरतील की," ते म्हणाले. "मी बघते," ती म्हणाली होती.

आणि तिने बघितलं. बायका विचारायला आल्या की ती अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्याशी दहा मिनिटं सुताच्या भावाबद्दल बोलायची आणि चेहरा पाडून बाहेर यायची. तपासणीला इन्स्पेक्टर यायचा असला की गोदामाची किल्ली तिच्याकडूनच जायची. नऊ वर्षं इस्त्रीवर उभं राहिलेल्या बाईला उभं राहणं म्हणजे काय ते कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी फाइल उघडून तिच्यापुढे धरली. "मावशी, मी कुणाला पकडायला बसलेली नाही. मला फक्त यंत्र चुकतंय की कागद, एवढं कळायला हवं. अहवाल उद्या जातो. ही सही तुमची ना?"

"चष्मा आणला नाही मी," रत्नप्रभा म्हणाली.

चष्मा तिच्या गळ्यात साखळीला लटकत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, मोजा तिच्या पायावर चढवला आणि म्हणाल्या, "आता अर्धा तास चालायचं. अंगणात गोल फिरा. एका जागी उभं मात्र राहायचं नाही, फेस नको तिथे साचतो."

अंगणाच्या मध्यावर बदामाचं झाड होतं आणि भोवती फरशीची वाट. वैजंता तिथेच होती. तिचा अर्धा तास मघाच झाला होता, पण डॉक्टरांनी जखमेमुळे तिला दुसऱ्यांदा चालायला लावलं होतं. रत्नप्रभाला बघून ती हसली. "या आक्का. आता बसायचं तर आपल्याला बसू देईनात!"

दोघी शेजारी शेजारी चालू लागल्या. वैजंता बोलत होती. सही कुणाची ते शोधून काढायचं, छबूचा पुतण्या वकिलाकडे कारकून आहे, त्याला सांगायचं. "आणि तुम्ही संगं चला. तुमच्याएवढं कुणाला ठाऊक हाय? तुम्ही होता म्हणून आम्ही टिकलो."

रत्नप्रभाच्या निरोपसमारंभात याच बाईने तिची ओटी भरली होती. हिरवी इरकल, खण, नारळ. तेव्हाही वैजंता म्हणाली होती, आक्कांनी आमच्या स्टुलांसाठी सरांशी वैर घेतलं. साडी तेव्हापासून कपाटात वर, कागदात गुंडाळलेली होती. घडी मोडली नव्हती. नेसत का नाही, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं, रंग उठून दिसत नाही.

"वैजंता," ती म्हणाली. "सही माझी आहे."

"काय?"

"तक्त्यांवरची. बारा वर्षांची. आणि स्टुलं अण्णासाहेबांनी नाही बंद केली. मी सुचवलं त्यांना. मी त्यांच्याशी कधी भांडले नाही. एकदासुद्धा नाही."

वैजंताची पावलं थांबली. पण थांबायचं नव्हतं. तिने पाय उचलला, आणि मग वळून ती उलट्या दिशेने चालायला लागली.

रत्नप्रभाही थांबू शकत नव्हती. एक या बाजूने, दुसरी त्या बाजूने, अशा त्या झाडाभोवती फिरू लागल्या. प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यायच्या. पहिल्या वेळी वैजंताने तिच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या वेळीही नाही.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ती काचंची केबिन. त्यातनंच मिळाली?"

"हो."

एवढं बोलेपर्यंत त्या एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. पुढची भेट झाडाच्या पलीकडे.

"मला सातवा महिना होता तवा," वैजंता म्हणाली. "दुसऱ्या खेपेला. म्या तुमच्याकडं स्टूल मागितलं. तुम्ही म्हणला, सर न्हाई म्हणत्यात."

"विचारलंच नव्हतं."

पुन्हा अर्धी फेरी. अंगणात मोज्यांतल्या पायांच्या चपला तेवढ्या वाजत होत्या. खिडकीतून छबू डोकावली, "काय गं, शर्यत लावली का काय?" म्हणून हसली आणि कुणीच हसत नाही हे बघून आत गेली.

"पोरीचं इचारायला आलते. तवा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"ती फॉर्म भरून आलती, आक्का."

त्यानंतरच्या चार भेटींत वैजंता एक शब्द बोलली नाही. रत्नप्रभाला वाटलं, तिने शिव्या द्याव्यात, ओरडावं, हात उगारावा. समोरून ती येत राहिली, चेहरा दगडासारखा, डावा पाय किंचित ओढत, आणि प्रत्येक वेळी रत्नप्रभाला तिच्या डोळ्यांऐवजी त्या पायाकडेच बघावंसं वाटलं आणि तिकडेही बघवलं नाही.

परिचारिकेने खिडकीतून हाक मारली, "वैजंतामावशी, तुमचं झालं, या."

जाता जाता वैजंता तिच्या समोरून गेली. "ती साडी परत आणून द्या," ती म्हणाली. "बायकांनी घामाचा पैसा घातलाय त्यात."

रत्नप्रभा उरलेली फेरी चालली. मग डॉक्टरांच्या खोलीत गेली, टेबलाशी बसली आणि गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "कागद द्या," ती म्हणाली.

लिहायला वेळ लागला नाही. स्टुले नव्हती. जून २०२० पासून मी निवृत्त होईपर्यंत नव्हती. ती परत देऊ नयेत असे मालकांना मी सुचवले. तक्त्यांवरच्या सह्या माझ्या आहेत. तपासणीच्या दिवशी गोदाम मी उघडून देत असे. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, तशाच गिरवलेल्या अक्षरांत. डॉक्टरांनी वाचलं आणि फाइलमध्ये ठेवलं. "धन्यवाद," एवढंच त्या म्हणाल्या. शाबासकी दिली नाही, याबद्दल रत्नप्रभाला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

आठवड्याने सगळ्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. रत्नप्रभा न जाता घरीच राहणार होती. मग तिने कपाटावरून कागदाचं पुडकं काढलं, पिशवीत घातलं आणि निघाली.

वैजंता दवाखान्याच्या पायऱ्यांवरच भेटली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ उभे राहणे. रत्नप्रभाने पिशवी पुढे केली. वैजंताने पुडकं उघडून बघितलं. घडी न मोडलेली साडी तिने उलटसुलट केली आणि पुन्हा गुंडाळली.

"एकदाबी नेसला न्हाईत," ती म्हणाली.

"नाही."

"स्वरांजलीला म्या ही चिठ्ठी दावली. म्हटलं, जा आता. भर फॉर्म." वैजंताने पदराने नाक पुसलं. "ती म्हणती, आता नको आई. मन उडालंय, म्हणती."

वैजंता रत्नप्रभाच्या उत्तरासाठी थांबली नाही. पुडकं काखेत मारून ती आत गेली.

रत्नप्रभा पायऱ्यांवर उभी राहिली. उभं राहायचं नाही असं सांगितलेलं आठवलं, तेव्हा ती दारातून आत आली.

बाकांवर सगळ्या होत्या. सगळ्यांना कळलं होतं, ते चेहऱ्यांवरून दिसत होतं. वैजंता मधल्या बाकावर जाऊन बसली. तिने कमरेची किल्ली काढली आणि रत्नप्रभाकडे सरळ बघत लोखंडी दांडीवर वाजवली.

टक टक, टक.

कुणीही उठलं नाही.